कर्ज बाईला मिळतं, धंद्याला नाही : प्रस्तावना

वांद्रे-कुर्ला संकुलाच्या जी ब्लॉकमध्ये स्वावलंबन भवन नावाची इमारत आहे. छोट्या धंद्यांना विनातारण कर्ज मिळावं म्हणून बँकांना हमी देणारा सीजीटीएमएसई हा न्यास आणि मुद्रा योजनेमागची मुद्रा कंपनी, दोघांचाही पत्ता हाच. त्याच ब्लॉकमध्ये नाबार्डचं मुख्यालय आहे, ज्याने बचत गटांना बँकेशी जोडायची कल्पना देशभर नेली. वांद्रे पूर्वेला म्हाडाच्या गृहनिर्माण भवनात महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम. विलेपार्ल्याला इर्ल्यात खादी आणि ग्रामोद्योग आयोग. हा सगळा परिसर महसुली हिशेबात मुंबई उपनगर जिल्ह्याचा, म्हणजे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंडचाच. दिव्याखाली अंधार म्हणायचं तर इथे दिवेच बरेच आहेत.

आणि अंधार हा शब्दही आता पुरता लागू पडत नाही. बायकांना कर्ज मिळत नाही, हे तीस वर्षांपूर्वी जितकं खरं होतं तितकं आज राहिलेलं नाही. घाटकोपरच्या असल्फ्यात, मालाडच्या मालवणीत किंवा भांडुपच्या डोंगरावर मायक्रोफायनान्स कंपनीचा माणूस स्वतःहून दारात येतो, गट बसवतो, आधार कार्ड बघतो आणि थोड्याच दिवसांत पैसे खात्यात पडतात. नीती आयोगाने मार्च २०२५ मध्ये स्त्री-कर्जदारांवर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातले आकडे या पुस्तकाच्या विषयाला थेट हात घालतात. २०२४ मध्ये स्त्रियांनी घेतलेल्या कर्जांपैकी ४२ टक्के कर्जं घर, वाहन, घरातल्या वस्तू अशा वैयक्तिक गरजांसाठी होती, ३८ टक्के सोन्यावरची होती, आणि धंद्यासाठी म्हणून दिलेली कर्जं होती अवघी ३ टक्के.

याचा अर्थ बाकीच्या कर्जातला पैसा धंद्यात गेलाच नाही असा नव्हे. गहाण टाकलेल्या पाटल्यांतून शिवणयंत्र येतं, गटाच्या कर्जातून साड्यांचा माल भरला जातो. पण बँकेच्या वहीत तो धंदा कुठेच उमटत नाही. कर्ज बाईला मिळतं, तिच्या धंद्याला मिळत नाही. या पुस्तकाचं सगळं म्हणणं या एका निरीक्षणाभोवती फिरतं.

रिझर्व्ह बँकेचीच व्याख्या पाहा. मार्च २०२२ च्या नियमांनुसार वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स कर्ज, आणि त्या कुटुंबाच्या सगळ्या हप्त्यांची बेरीज महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नये. कर्जदाराला बोज्यापासून वाचवायला हा नियम चांगला आहे. मात्र त्यात मोजलं जातं ते कुटुंब. बाईच्या धंद्यात माल किती, ऑर्डर किती, उधारी किती अडकली आहे, हे तपासायचं कारणच उरत नाही. मग कर्जाची रक्कम धंद्याच्या वाढीबरोबर वाढत नाही. एक कर्ज फिटलं की पुन्हा साधारण तेवढंच, फार तर थोडं जास्त. दहा वर्षं वेळेवर हप्ते भरलेली बाई अकराव्या वर्षी पाच-सात लाखांसाठी बँकेच्या शाखेत जाते तेव्हा तिला धंद्याचं रेकॉर्ड विचारलं जातं, आणि ते शून्य असतं.

उपनगरातला धंदा म्हणजे नेमकं काय, हे ठाऊक नसलेल्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. मालाडच्या आसपास इमिटेशन ज्वेलरीचं मोठं काम चालतं. त्यात मणी ओवणं, खडे चिकटवणं ही कामं घरोघरी बायका करतात. माल कंत्राटदाराचा, मजुरी नगावर. इथे भांडवल लागत नाही, पण धंदाही तिचा नसतो. त्याच्या वरच्या पायरीवर मुलुंड, बोरिवलीतली पोळी-भाजी केंद्रं, शिवणकाम, ब्यूटी पार्लर, शिकवण्या, पाळणाघरं. इथे जागा आणि यंत्र लागतं. आणि मग विक्रीचे धंदे, ज्यांत सगळा जीव खेळत्या भांडवलात असतो. पतपुरवठ्याचा खरा पेच इथे दिसतो.

अंधेरी पूर्वेच्या मरोळचा सुक्या मासळीचा बाजार घ्या. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. सुक्या मासळीला पावसाळ्यात मागणी वाढते ती त्यामुळेच. वेसावे, मढच्या कोळीवाड्यांत बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळतात ते उन्हाळ्यापर्यंत, आणि विकणारीला माल भरून ठेवावा लागतो तो पावसाच्या आधी. म्हणजे मे महिन्यात हातात एकरकमी मोठा पैसा हवा, आणि तो परत येणार जूनपासून पुढे, हळूहळू. आता हिच्यासमोर दर आठवड्याच्या किंवा पंधरवड्याच्या हप्त्याचं कर्ज ठेवा, ज्याचा पहिला हप्ता कर्ज हातात पडल्यावर पंधरा दिवसांत सुरू होतो. माल विकायच्या आधीच हप्ता. तो ती भरते कशातून? घेतलेल्या कर्जातूनच. कागदावर ३० हजारांचं कर्ज, मालात गेले २० हजार.

दिवाळीच्या फराळाचंही असंच. भाजणी, बेसन, तूप, सुका मेवा नवरात्राच्या आसपास भरायचा, कामाला चार बायका जास्तीच्या घ्यायच्या. घरगुती गिऱ्हाईक रोख देतं, पण ऑफिसांच्या मोठ्या ऑर्डरींचं बिल दिवाळी उलटून गेल्यावर निघतं. या दोन महिन्यांसाठी लागतं ते कॅश क्रेडिट, म्हणजे गरजेपुरतं उचलायचं आणि उचललं तेवढ्यावरच व्याज भरायचं असं खातं. मोठ्या व्यापाऱ्याला ते सहज मिळतं. फराळवालीला त्याचं नावही सहसा कुणी सांगत नाही. म्हणून ती भिशी लावते, आणि पहिला किंवा दुसरा नंबर लागावा म्हणून खटपट करते.

भिशीला हसू नये. दहा-वीस जणींनी दरमहा ठरावीक रक्कम टाकायची आणि पाळीपाळीने एकीने सगळी उचलायची, ही रीत घानात सुसू, इथिओपियात इक्कुब, केनियात चामा म्हणून चालते. तिच्यात कागद नाही, तारण नाही, आणि रक्कम एकरकमी मिळते. शेवटचं हेच धंद्याला सर्वांत उपयोगी. जोखीमही आहे. कुणी मध्येच पळालं की दाद मागायला जागा नाही, आणि भिशी चालवणारी बाई ओळखीची असल्यामुळे तक्रारही करवत नाही. तिच्या बरोबरीने चालतो तो पिग्मी एजंट. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये कर्नाटकात सुरू केलेली रोज दारात येऊन थोडेथोडे पैसे गोळा करायची ही पद्धत महाराष्ट्रातल्या पतपेढ्यांनी इतकी आपलीशी केली की 'पिग्मी' हा मराठीच शब्द वाटतो. रोज पन्नास-शंभर रुपये वर्षभर भरणारी भाजीवाली खरं तर दर दिवशी आपली पत सिद्ध करत असते. त्या नोंदीवर तिला कर्ज देणाऱ्या पतपेढ्या आहेतही. पण ते बहुतेक जमलेल्या रकमेच्या मर्यादेतच असतं. म्हणजे तिचेच पैसे तिलाच व्याजाने.

तारणाचा प्रश्न याहून जुना. जमीन आणि घर पुरुषाच्या नावावर, बाईच्या नावावर सोनं. म्हणूनच ३८ टक्क्यांचा आकडा एवढा मोठा आहे. कायद्याने बरंच केलं. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा हक्क दिला, देशाला ते करायला २००५ साल उजाडलं. त्याच १९९४ मध्ये राज्याचं पहिलं महिला धोरण आलं. पण भावाच्या प्रेमापोटी किंवा माहेर तुटेल या भीतीने हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आजही असंख्य आहेत, आणि ती सही करताना आपण आपलं भावी तारण सोडतो आहोत हे कुणाच्या मनातही येत नाही. झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारी सदनिका नवरा-बायको दोघांच्या नावावर होते, ही मुंबईतली खरोखर मोठी गोष्ट. मात्र ती ठरावीक वर्षं विकता येत नाही, त्यामुळे बँकेच्या दृष्टीने तिचं तारणमूल्य उतरतं. २०२१ पासून स्त्रीच्या नावावर घर घेतल्यास राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. तिचा परिणाम दिसायला अजून वेळ लागेल.

हे केवळ आपल्याकडचं, असं मानायचं कारण नाही. अमेरिकेत कर्ज देताना स्त्री-पुरुष भेद करायला कायद्याने बंदी आली ती १९७४ मध्ये, आणि धंद्याच्या कर्जासाठी बाईकडून घरातल्या पुरुषाची सही मागायची रीत काही राज्यांत १९८८ पर्यंत चालू होती. विकसनशील देशांत स्त्रियांच्या उद्योगांना हवं असलेलं आणि प्रत्यक्ष मिळणारं कर्ज यांतली तूट आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने सुमारे १.७ लाख कोटी डॉलर इतकी मोजली आहे. हा आकडा इतका मोठा आहे की त्यातून काही कळत नाही. मरोळच्या बाजारातले दहा हजार रुपये जास्त सांगून जातात.

आता थोडा इतिहास. १८७५ मध्ये सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, आणि सावकाराला पर्याय म्हणून सहकाराचं जाळं महाराष्ट्रात उभं राहिलं. त्या सगळ्या कथेत कर्जदार म्हणजे शेतकरी, आणि शेतकरी म्हणजे पुरुष. सातबाऱ्यावर नाव नाही तिला सोसायटीचं सभासदत्व नाही, आणि सभासद नाही तिला कर्ज नाही. बाई या हिशेबात शिरली ती शहरातून, स्वयंपाकघराच्या वाटेने.

१५ मार्च १९५९ ला गिरगावात सात गुजराती बायकांनी एका गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने, सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीच्या छगनलाल पारेख यांच्याकडून. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. लिज्जतची ही गोष्ट बायकांच्या जिद्दीची म्हणून शेकडो वेळा सांगितली गेली आहे, पण तिच्यातली पतपुरवठ्याची बाजू क्वचितच कुणी पाहतं. १९६६ मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने लिज्जतला मान्यता दिली आणि आठ लाख रुपयांचं खेळतं भांडवल दिलं. हे कर्ज एकेका बहिणीला मिळालेलं नव्हतं, धंद्याला मिळालं होतं. प्रत्येक सभासद सकाळी मळलेलं पीठ घरी नेते, लाटलेले पापड आणून देते आणि मजुरी घेते. तिला उडीद डाळ भरायची चिंता नाही, उधारीची नाही, हप्त्याची तर नाहीच. सगळी जोखीम संस्थेच्या अंगावर. उपनगरातही ही पद्धत पसरली, पण लगेच नव्हे; १९६१ मध्ये मालाडला काढलेली शाखा चालली नव्हती. लिज्जतने जे साधलं त्याची नक्कल फारशी झाली नाही, याचं कारण बहुधा हेच की नंतरच्या योजनांना बाईला वैयक्तिक कर्जदार करायची घाई होती.

दुसरी वाट गिरणगावातली. कोकणातून, घाटावरून एकट्याने आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका हा मुंबईच्या कापड उद्योगाचा अदृश्य आधार होता. कामगार पैसे देणार महिन्याच्या पगाराला, वाणी उधारी देणार तो चढ्या भावाने, आणि मधल्या दिवसांसाठी सावकार. १९७४ च्या गिरणी संपात कामगारांचे पगार थांबले तेव्हा खानावळवाल्या दुहेरी कात्रीत सापडल्या. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि अवघ्या चौदा जणींच्या गटाला बँक ऑफ बडोदाकडून कर्ज मिळवून दिलं. ना तारण, ना पगाराची स्लिप. सगळ्याजणी एकमेकींना जामीन. १९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, गरिबाला कर्ज द्यायचा दबाव बँकांवर होता, आणि प्रेमाताईंचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे नेते होते. बँकेचं दार आतून कसं उघडतं हे त्या घराला माहीत होतं. अशा तपशिलाशिवाय हा इतिहास भाबडा होतो. ज्या वर्षी अन्नपूर्णा सुरू झालं, त्याच्याच पुढच्या वर्षी बांगलादेशातल्या जोब्रा गावात मुहम्मद युनूस यांनी आपला सूक्ष्मकर्जाचा पहिला प्रयोग केला. जगाच्या पुस्तकांत जोब्रा आहे, दादर-परळ नाही.

त्या दशकात देशात इतरत्रही हालचाल होती. अहमदाबादला इला भट्ट यांच्या सेवा संघटनेतल्या चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेऊन १९७४ मध्ये स्वतःची सहकारी बँक काढली. सही येत नसलेल्या खातेदाराची ओळख पटवायला तिथे बाईच्या हातात खातेक्रमांकाची पाटी देऊन फोटो काढत. मद्रासला १९७८ मध्ये जया अरुणाचलम यांचं वर्किंग विमेन्स फोरम. या सगळ्यांना जोडणारा धागा असा की कर्ज हे संघटनेचं एक हत्यार होतं. आधी युनियन, मग बँक.

मुंबईत या विचाराची आणखी एक धार निघाली. भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या बायकांनी स्पार्क या संस्थेच्या साथीने १९८० च्या दशकात महिला मिलन उभं केलं. रोज बचत, अडीअडचणीला त्यातूनच कर्ज, आणि शेवटचं ध्येय घर. त्यांची मिलन नगर ही वसाहत उपनगरात, मानखुर्दला झाली. इथे धंद्याचा पैसा आणि घराचा पैसा वेगळा काढताच येत नाही, कारण झोपडीच दुकान असते. पुढच्या काळातल्या बऱ्याच योजनांना ही गोष्ट कळली नाही आणि त्या घरकर्ज, धंदाकर्ज, अडचणीचं कर्ज असे कप्पे करत बसल्या.

बचत गट मात्र गावाकडून आले. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गटांना बँकांशी जोडायचा प्रायोगिक कार्यक्रम घेतला आणि त्यातून जगातल्या सर्वांत मोठ्या सूक्ष्मवित्त कार्यक्रमांपैकी एक उभा राहिला. महाराष्ट्रात त्याची बांधणी केली ती १९७५ मध्ये स्थापन झालेल्या माविमने. मुंबईत बचत गट पोहोचले ते उशिरा, आणि शहरात ते तितके रुजलेही नाहीत. गावात गटातल्या जणी पिढ्यान् पिढ्या शेजारी. वस्तीत भाडेकरू बदलतात, पुनर्विकासात इमारत पाडली की गट विखुरतो. पण मुंबईत वाढलेली एक बाई उलट गावाकडे गेली : चेतना गाला-सिन्हा. साताऱ्याच्या म्हसवडला त्यांनी माणदेशी महिला सहकारी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा अर्जावर अंगठे आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा मुंबईत आल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला व्याज काढायला सांगा. १९९७ मध्ये परवाना मिळाला.

यानंतरचं पर्व घाईत सांगितलं तरी चालेल, कारण त्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. सूक्ष्मकर्ज हा फायद्याचा धंदा आहे हे कळल्यावर भांडवल त्यात उतरलं. सूक्ष्मकर्ज देणाऱ्या संस्थांपैकी मेक्सिकोत कॉम्पार्तामोसने २००७ मध्ये, भारतात एसकेएसने २०१० मध्ये शेअर बाजारात पाऊल टाकलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात आंध्र प्रदेशात वसुलीच्या जाचाने आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या, सरकारने अध्यादेश काढला, कर्जफेड थांबली. रिझर्व्ह बँकेची मालेगाम समिती बसली, तिच्या अहवालावरून २०११ मध्ये नवे नियम आले. मग सरकारी योजना : २०१५ मध्ये मुद्रा, २०१६ मध्ये स्टँड-अप इंडिया. नोव्हेंबर २०१३ मध्ये मुंबईत मोठ्या थाटात भारतीय महिला बँकेचं उद्घाटन झालं, आणि एप्रिल २०१७ मध्ये ती स्टेट बँकेत विलीनही झाली. पाटीवर 'महिला' लिहिल्याने कर्ज तपासायची पद्धत बदलत नाही, एवढं तरी त्यातून दिसलं. मुद्राचं यश मोठं आहे. तिच्या खात्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांची आहेत. पण त्यांतली बहुतेक शिशू गटातली, म्हणजे ५० हजारांपर्यंतची. किशोर आणि तरुण गटांकडे चढताना बायका गळत जातात. पायऱ्यांना नावंही अशी दिली की वाढ आपोआप होईलसं वाटावं.

अभ्यासकांत तीन मतं ठळक आहेत. एक म्हणतं, कर्जाचा धंदा स्वतःच्या पायावर उभा राहिला तरच तो कोट्यवधींपर्यंत जाईल. व्याज थोडं चढं असलं तरी चालेल. दुसरं, गरिबी हटवणं हा हेतू असेल तर अनुदान लागणारच. तिसरं मत स्त्रीवादी, आणि या पुस्तकाची ओढ त्याच्याकडे आहे : कर्ज बाईच्या नावावर असलं तरी ते वापरतं कोण? १९९६ मध्ये ॲन मेरी गोएट्झ आणि रीना सेनगुप्ता यांनी बांगलादेशात हा प्रश्न विचारला आणि बहुसंख्य कर्जांवर बाईचा पूर्ण ताबा नसल्याचं दाखवलं. नाइला कबीर यांनी त्यावर सुनावलं की पैसा नवऱ्याच्या हाती गेला म्हणून बाईला काहीच मिळालं नाही असं समजू नका, घरात तिचं वजन वाढतं ते वेगळ्या मार्गाने. वाद अजून मिटलेला नाही, मिटूही नये.

२००० नंतर प्रयोग करणारे अर्थतज्ज्ञ आले. एस्थर डुफ्लो आणि मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी यांनी सहकाऱ्यांबरोबर हैदराबादच्या १०४ वस्त्यांपैकी निम्म्यांत सूक्ष्मकर्ज आधी पोहोचवून फरक मोजला. धंद्यांत गुंतवणूक वाढली, पण घरखर्च, मुलांचं शिक्षण, बाईचा घरातला अधिकार यांत ठळक फरक दिसला नाही. अभिजित यांच्या आई निर्मला बॅनर्जी, माहेरच्या पाटणकर, यांनी त्याच्या कितीतरी आधी कलकत्त्याच्या असंघटित कामगार स्त्रियांचा अभ्यास करून ठेवला होता. लेकाच्या नोबेलच्या बातम्यांत मराठी वर्तमानपत्रांना त्यांचं माहेर आठवलं, अभ्यास कमी आठवला. श्रीलंकेतल्या एका प्रयोगात छोट्या धंद्यांना भांडवल देऊन पाहिलं, तर पुरुषांचा नफा वाढला आणि बायकांचा नाही. बायकांना धंदा जमत नाही, असा निष्कर्ष काढायला लोक टपलेले होतेच. पुढे रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे पुन्हा तपासले तेव्हा दिसलं की ज्या घरात बाईचा धंदा हा एकमेव धंदा आहे तिथे ही तफावत नाहीशी होते. जिथे नवऱ्याचाही धंदा आहे, तिथे भांडवल त्याच्याकडे वळतं. त्यांचाच कलकत्त्यातला दुसरा प्रयोग मरोळच्या बाईला लगेच समजेल. पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी घेतला तर धंद्यात गुंतवणूक वाढली, नफा वाढला. थकबाकीही वाढली, हे लपवायचं कारण नाही. सावकाराला सोयीचा आणि धंद्याला सोयीचा हप्ता वेगळे असतात, आणि आतापर्यंत पहिल्याच प्रकारचा हप्ता बायकांना मिळत आला.

हे पुस्तक आज का? तीन कारणं, आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेली. गेल्या काही वर्षांत एकेका बाईवर चार-चार कंपन्यांची कर्जं चढली, थकबाकी वाढली, आणि अखेर कंपन्यांच्या संघटनेलाच एकीला तीनपेक्षा जास्त कंपन्यांनी कर्ज देऊ नये असं ठरवावं लागलं. कर्जाचा तुटवडा आणि कर्जाचा पूर एकाच गल्लीत, एकाच बाईच्या बाबतीत असू शकतो. दुसरं, जुलै २०२४ पासून लागू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार थेट खात्यात येऊ लागले. ही मदत आहे, भांडवल नव्हे. तरी तिच्यामुळे लाखो बायकांच्या नावावर नियमित जमा होणारं खातं तयार झालं, आणि त्या खात्यावर कर्ज द्यायची चर्चा सुरू झाली. अनुदानाच्या हप्त्यावर कर्जाचा हप्ता बांधायचा का, हा प्रश्न साधा नाही. योजना बंद झाली तर कर्ज कोण फेडणार?

तिसरं कारण मोबाइल. भाजीवालीच्या गाडीवर, पोळी-भाजी केंद्राच्या काउंटरवर क्यूआर कोड लागला आणि धंद्याची रोजची नोंद पहिल्यांदाच आपोआप होऊ लागली. केनियात मोबाइलवरून पैसे पाठवायची एम-पेसा सेवा आल्यावर १ लाख ८५ हजार स्त्रिया शेतीतून धंद्याकडे वळल्या, असं तिथल्या अभ्यासात दिसलं. आपल्याकडे २०२० च्या पीएम स्वनिधी योजनेने फेरीवाल्यांना १०, मग २०, मग ५० हजार अशा चढत्या पायऱ्यांनी कर्ज दिलं आणि डिजिटल व्यवहाराला बक्षीस ठेवलं. पद्धत योग्य होती, कारण तिच्यात फेडीबरोबर रक्कम वाढत होती. अडचण एवढीच की पुष्कळ गाड्यांवरचा क्यूआर कोड नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्याचा असतो. विक्री बाईची, नोंद दुसऱ्याची. उद्यम नोंदणीत स्त्रियांच्या मालकीचे उद्योग एकपंचमांशाच्या आसपास आहेत. फुकट, ऑनलाइन, दहा मिनिटांत होणारी ही नोंदणीही बऱ्याच जणी करत नाहीत, कारण सरकारी कागदावर नाव गेलं की टॅक्स लागेल ही भीती.

या पुस्तकातले लेख अशा ठिकाणी थांबतात. योजनांची माहिती देणारी पुस्तकं बाजारात पुष्कळ आहेत, म्हणून इथे तसा प्रयत्न नाही. इथे कर्जाची वही कर्जदाराच्या बाजूने वाचली आहे : पैसा कुठून आला, कोणत्या तारखेला, कशात गेला, आणि फेड कोणत्या कमाईतून झाली. काही लेख बँकेच्या काउंटरपलीकडचेही आहेत, कारण शाखेतला अधिकारी एकाच वेळी गरिबाला कर्ज द्या आणि कर्ज बुडू देऊ नका अशा दोन हुकमांखाली काम करतो, हे समजून घेतल्याशिवाय त्याला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. लेखकांची मतं सगळीकडे जुळत नाहीत. गटकर्ज मोडीत काढावं असं म्हणणारा लेख इथे आहे आणि तेच वाचवायला हवं असं म्हणणाराही आहे. संपादनात ही तफावत मुद्दाम ठेवली आहे.

मर्यादाही सांगायला हव्यात. पुस्तकाचा पट दहिसर-मुलुंडच्या आतला आहे. नालासोपारा, दिवा, बदलापूरकडे ढकलल्या गेलेल्या बायका, ज्यांचा धंदा उपनगरात आणि घर बाहेर, त्यांच्याविषयी फारसं हाती लागत नाही. गुंतवणूकदारांकडून कोट्यवधी उभारणाऱ्या स्टार्टअपवाल्या स्त्रियाही इथे नाहीत. त्यांचा प्रश्न कर्जाचा नसून भागभांडवलाचा आहे, आणि त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. कोळीवाड्यांवर मात्र पुस्तक रेंगाळतं. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मत्स्यव्यवसायालाही खुलं झालं, पण मासे पकडणाऱ्याच्या आणि विकणारीच्या नावावर ते सारख्याच सहजतेने निघतं का, याचा पाठपुरावा वाचकाला पुढच्या पानांत वेसावे, मढ आणि गोराईच्या बाजारांत करता येईल.